पहिला घास पेटीला

मी अस्वलपेटी बोलतेय. घाबरू नका, माझ्यात अस्वल नाही. अस्वलाच्या तोंडाला जे लागू नये ते सगळं माझ्यात कोंबतात, म्हणून हे नाव. जाड पत्र्याची, तपकिरी रंगाची, दोन दारांची, आणि सिमेंटच्या ओट्याला बोल्टांनी जखडलेली. कुठं जायचं म्हटलं तरी जाता येत नाही. खरं सांगू का, आता जायची हौसही उरलेली नाही.

माझा जन्म खाली खोऱ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये झाला. वेल्डिंग करणारा माणूस दिवसभर रेडिओबरोबर गाणी म्हणायचा. काम संपल्यावर त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, ‘‘जा बाई, सुखानं नांद.’’ मला वाटलं, एखाद्या स्वयंपाकघरात देणार असतील. पण ट्रक वर वर चढत गेला आणि मला उतरवलं ते इथं, सिएराच्या डोंगरात, बकथॉर्न नाल्याच्या काठच्या तळावर. चहूकडे पाइनची झाडं, चार-सहा तंबूंच्या जागा, एक नळ. सरकारी जंगल आहे. म्हणजे सगळ्यांचं. असं म्हणतात तरी.

माझी कडी एका वाकड्या खोबणीत लपवलेली आहे. तळहात वर करून हात आत घालायचा आणि बोटांनी वर दाबायचं. माणसाच्या बोटांना ते जमतं, अस्वलाच्या पंज्याला जमत नाही, असा माझ्या कर्त्याचा हिशेब. प्रत्यक्षात काय होतं? अस्वलं बापडी मुकाट्यानं परत जातात आणि माणसं मला लाथा मारतात. ह्या कडीवरून किती नवराबायकोची भांडणं ऐकली असतील मी! ‘‘तुला साधी कडी उघडता येत नाही?’’ ‘‘मग तू उघड की, शहाणा!’’ आणि उघडली एकदाची, की बंद करताना धाडकन. इतक्या वर्षांत माझं दार हळू लावणारी माणसं मोजकीच भेटली.

आणि पोटात काय काय घेतलं म्हणता! सॉसेज, अंडी, पाव, शेंगदाण्याचं लोणी, ते ठीकच. पण त्याशिवाय टूथपेस्ट, साबण, डासांचं मलम, बाळाचे ओले रुमाल, आजोबांची खोकल्याची गोळी. ज्याला म्हणून वास आहे ते सगळं माझ्यात. लोकांना वाटतं अस्वलाला फक्त मध लागतो. अहो, त्याला पुदिन्याची टूथपेस्टही चालते! तंबूत उशाशी टूथपेस्ट ठेवून झोपणारा माणूस पाहिला की ओरडून उठवावंसं वाटतं.

सुरुवातीची वर्षं घाईगर्दीची होती. त्याच त्याच घरची माणसं दर उन्हाळ्यात यायची. मुलं माझ्यावर चढायची, माझ्या पाठीवर पत्ते खेळायची. मग मुलं मोठी झाली आणि यायची बंद झाली. आईबाप येत राहिले, पण तंबू जाऊन ट्रेलर आले, मग गुडघे गेले, मग तीही बंद झाली. शेवटी राहिला एकटा व्हर्नन. माझ्या शेजारच्या जागेवर जूनमध्ये ट्रेलर लावायचा, घडीची खुर्ची उघडायचा आणि नाल्याकडं बघत बसायचा. बायको होती तोवर दोन खुर्च्या असायच्या. मग माझ्यात त्याचा एक बीन्सचा डबा आणि एक कॉफीचा डबा, बस्स. बाकी माझ्या दोन्ही फळ्या मोकळ्या. रिकाम्या पेटीला जास्त गंज चढतो, हे मला तेव्हा कळलं.

आता तिच्याबद्दल, इथल्या अस्वलिणीबद्दल सांगते, कारण माझं सगळं जगणंच तिच्यासाठी आहे.

तिच्या आईपासून सुरू करते. एका घरच्या माणसांनी दुपारी माझं दार उघडंच टाकलं. ‘‘आत्ता येतो,’’ म्हणाले आणि गळ घेऊन मासे धरायला गेले. तिची आई आली. तिनं आरामात बसून सगळं खाल्लं, बरण्यासुद्धा चाटल्या. मी काय करणार? दार ओढून घ्यायला मला हात नाहीत. त्यानंतर ती रोज यायला लागली. माणसं असतात तिथं खायला असतं, एवढंच ती शिकली होती. आधी रबरी गोळ्या झाल्या, भोंगे झाले. मग ती एका तंबूत शिरली. मग इथला मुख्य वनरक्षक हार्लन बंदूक घेऊन आला. काम झाल्यावर तो माझ्यावर येऊन बसला, बंदूक मांडीवर, आणि बराच वेळ उठला नाही. वर झाडावर तिचं पिल्लू होतं. ते दोन दिवस खाली उतरलं नाही.

ते पिल्लू म्हणजे आत्ताची ती. मोठी झाली, देखणी झाली. एका साली कुणीतरी गाडीत ठेवलेल्या केकसाठी तिनं गाडीची काच फोडली. हार्लननं तिला पकडून कानात पिवळा बिल्ला ठोकला. त्या बिल्ल्याचा अर्थ इथं सगळ्यांना ठाऊक आहे. पुन्हा माणसाच्या अन्नाला तोंड लावलं की तिचीही आईसारखीच गत.

दर वसंतात, बर्फ वितळलं की ती माझ्याकडं येते. माझ्या कडीशी नाक लावते, पंजा घालून बघते, जरा वेळ थांबते आणि जाते. मी गच्च बंद असते. तिला वाटत असेल, काय ही खडूस बाई! असू दे. तिच्यासाठी मी खडूसच बरी.

मग पाकू आली. नवी वनरक्षक, खालच्या फ्रेस्नो शहरात वाढलेली. तिच्या घरची माणसं मोंग, लढाईनंतर लाओसच्या डोंगरातून पळून आलेली. तिनं पहिल्याच दिवशी माझ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, फळ्यांवरची उंदराची घाण काढली. कामसू पोरगी, पण तोंड म्हणजे नुसती तोफ. एक दिवस हार्लनशी वाद घालत ती माझ्यासमोर उभी राहिली.

‘‘तळ रिकामा पडलाय,’’ ती म्हणाली. ‘‘व्हर्ननकाका सोडले तर कोण येतं इथं? आणि खाली फ्रेस्नोत पोरं पडदे ओढून फोन बघत बसलीत. पावसानंतर हवा स्वच्छ झाली की त्यांना हे डोंगर खिडकीतून दिसतात, माहितेय? त्यांना वाटतं, हे दुसऱ्या कुणाचे तरी आहेत.’’

‘‘त्यांना अडवलंय कुणी? फाटक उघडं आहे.’’

‘‘फाटक उघडं असलं म्हणून कुणी आत शिरतं का? या म्हणायला नको कुणी? माझे काका शिकारीला यायचे इथं. आम्हा पोरींना कुणी आणलं नाही. कॉलेजात जाईपर्यंत मी इथं पाय ठेवला नव्हता.’’

हार्लननं टोपी काढून डोकं खाजवलं. तोही थकलेला माणूस. ‘‘मला पोरं नकोत असं नाही, पाकू. मला आणखी एक अस्वल मारायचं नाहीये. जन्मभर येणारी माणसं चुकतात, ही तर पहिल्यांदा येणार.’’

‘‘मी शिकवीन त्यांना.’’

‘‘ठीक आहे. एक खेप आण. पण अन्न उघड्यावर राहिलं आणि ती इथं खाऊन गेली, तर हा विषय संपला. पुन्हा मला विचारायचं नाहीस.’’

‘‘नाही विचारणार,’’ पाकू म्हणाली. पण तिचा आवाज जरा बसला होता.

जुलैतल्या एका शनिवारी व्हॅन आली. दार सरकलं आणि पोरांचा लोंढा बाहेर पडला. बाई ग, केवढा तो कलकलाट! कुणी मेक्सिकन, कुणी मोंग, कुणी काळी पोरं, दोन शीख बहिणी. सगळी पंधरा-सोळाची. कित्येक वर्षांत एवढी तरुण माणसं मी एकत्र पाहिली नव्हती. आणि सगळ्यांच्या शेवटी, व्हॅनच्या दाराला धरून, एक ठेंगणी म्हातारी उतरली. पाकूची आजी. पोरांसोबत दोन मोठी माणसं हवीत असा नियम. जी शिक्षिका येणार होती तिचं मूल तापानं फणफणलं, म्हणून पाकूनं ऐनवेळी आजीला गाडीत घातलं होतं. आजीच्या एका हातात वेताची टोपली, दुसऱ्या हातात चिकट भाताचं केळीच्या पानात बांधलेलं गाठोडं.

‘‘खिसे उलटे करा,’’ पाकूनं हुकूम सोडला. ‘‘खायचं, चघळायचं, केसांना लावायचं, काखेत मारायचं, सगळं पेटीत.’’

‘‘लिपबामसुद्धा?’’ यारेली नावाची एक पोरगी म्हणाली. मोठे कानातले, त्याहून मोठा आवाज. ‘‘ताई, अस्वल माझ्या ओठांसाठी येणार?’’

‘‘तुझ्या ओठांसाठी कुणी येत नाही,’’ मलाकाय म्हणाला. हा उंच, काळासावळा, हसरा पोरगा. सगळ्यात जास्त टरकलेलाही तोच होता. माझ्या आत वाकून बघत त्यानं विचारलं, ‘‘पाकूताई, मी मावतो का हिच्यात? अस्वल बाहेर, मी आत. प्रश्न मिटला.’’

‘‘तू नको मावूस,’’ यारेली म्हणाली. ‘‘तुझ्या पायांच्या वासानं आतलं अन्न नासेल.’’

मग सगळी खो खो हसली आणि सामान यायला लागलं. तिखट चिप्सच्या पिशव्या, खोबरेल तेल, केसांचं जेल, आंब्याच्या मसालेदार गोळ्या, मेथीचे पराठे, कुणाच्या आईनं दिलेले मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले. माझ्या फळ्या पुरेनात! मलाकायनं टोपीत लपवलेली चिप्सची पुडी यारेलीनं चारचौघांत काढून दाखवली. तो म्हणाला, ‘‘माझा भरवसा नाही का कुणाला?’’ सगळी एका सुरात म्हणाली, ‘‘नाही!’’ कडी मात्र त्यांना पहिल्याच फटक्यात जमली. बोटं लवचीक असतात ह्या वयात.

शेजारी व्हर्नन खुर्चीत बसून हे सगळं बघत होता. त्याचं तोंड आंबट झालेलं. ‘‘इथं शांततेसाठी येतात माणसं,’’ तो मोठ्यानं म्हणाला. ‘‘तो रेडिओ बंद करा.’’

‘‘रेडिओ नाही आजोबा, आम्हीच गातोय,’’ यारेली म्हणाली.

व्हर्नननं खुर्ची नाल्याकडं वळवली.

दुपारभर पोरं नाल्यात डुंबली. थंड पाण्यानं किंचाळली, दगडांवरून घसरली. एक पोरगी नुसती पाठीवर पडून पाइनच्या शेंड्यांकडं बघत राहिली, तिला कुणी उठवलं नाही. पाकू एका डोळ्यानं पोरांकडं आणि एका डोळ्यानं माझ्या दाराकडं बघत होती. दर थोड्या वेळानं येऊन कडी ओढून बघायची. बिचारीचा जीव टांगणीला लागला होता.

ऊन कलायला लागलं तसं आजीनं कोंबडी भाजायला घेतली. गवती चहाचा वास सुटला. तिनं दगडी खलात मिरच्या, लसूण आणि कोथिंबीर कुटून ठेचा केला. पोरं भुकेनं चुलीभोवती घुटमळत होती.

आणि तेव्हा ते झालं. जेवायला हाक मारायच्या आधी आजीनं केळीच्या पानाचा एक तुकडा फाडला. त्यावर मूठभर भात ठेवला, कोंबडीचा एक चांगला तुकडा ठेवला, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून ती नाल्याकडच्या मोठ्या पाइनखाली गेली. पान बुंध्याशी ठेवलं. वाकून, हलक्या आवाजात काहीतरी बोलली. मग पदरानं पुसावेत तसे झग्याला हात पुसत परत आली.

मी समोरच होते. मी सगळं पाहिलं. अहो आजी, काय केलंत हे! मला ओरडता आलं असतं तर अख्खं खोरं जागं झालं असतं. पोरं जेवत होती, एकमेकांच्या ताटातलं उचलत होती, पाकू कौतुकानं म्हणत होती, ‘‘बघा, एक शीत सांडलेलं नाही खाली,’’ आणि तिकडं बुंध्याशी तो भात वाफाळत होता.

माझ्याशिवाय आणखी एकानं पाहिलं होतं. व्हर्नन उठला. पाय ओढत पाकूजवळ आला आणि म्हणाला, ‘‘तुझ्या आजीनं त्या झाडाखाली जेवण वाढून ठेवलंय.’’

पाकू आजीला हाताला धरून माझ्या आडोशाला घेऊन आली. बोलणं त्यांच्या भाषेत झालं, पण इतकी वर्षं इथं काढल्यावर मला कुठल्याही भाषेतलं भांडण कळतं.

‘‘आजी, काय केलंस तू? शंभरदा सांगितलं होतं, जमिनीवर अन्न ठेवायचं नाही!’’

‘‘ते अन्न नाही. तो वाटा आहे.’’ आजी शांत होती. ‘‘कुणाच्या घरात शिरलीस तर मालकाला न विचारता चूल पेटवतेस का तू?’’

‘‘हे सरकारचं जंगल आहे.’’

‘‘सरकार झोपतं का इथं? ह्या जागेचा राखणदार कुणीतरी असणारच. त्याला वाढायचं, सांगायचं, आम्ही पाहुणे आहोत, पोरांना सांभाळ. मग आपण खायचं.’’

‘‘मी उचलतेय ते.’’

‘‘खबरदार!’’ आजीनं तिचा हात धरला. ‘‘आम्ही पळत होतो तेव्हा तुझी आत्या माझ्या पाठीशी बांधलेली होती. एका संध्याकाळी घाईघाईत तसाच मुक्काम केला. वाढलं नाही, विचारलं नाही. पोरीला ताप चढला तो उतरलाच नाही. तिला तिथंच ठेवून आम्ही पुढं निघालो. आणि आज तू एवढ्या लोकांची पोरं माझ्या भरवशावर आणलीस. वाढल्याशिवाय मी एकालाही इथं झोपू देणार नाही. तुला नको असेल तर गाडी काढ, आत्ताच्या आत्ता खाली जाऊ.’’

पाकूनं डोळे मिटले. आजी निघाली तर पोरांना परत न्यावं लागणार. पान राहिलं तर अस्वलीण येणार. कसंही केलं तरी ही खेप पहिली आणि शेवटची.

‘‘आजी,’’ ती अगदी हळू म्हणाली, ‘‘इथं एक अस्वलीण आहे. तिनं तो भात खाल्ला तर तिला मारतील.’’

‘‘मारतील? भात खाल्ला म्हणून?’’

‘‘माणसांजवळ खायला मिळतं हे तिला पुन्हा कळलं, तर ती तंबूत शिरायला लागेल. तिची आई अशीच गेली. ह्याच तळावर.’’

आजीनं झाडाकडं पाहिलं, मग पाकूकडं पाहिलं. ‘‘हा कसला कायदा,’’ ती पुटपुटली. पण तिच्या चेहऱ्यावरचा राग ओसरला होता. आता तिथं नुसती काळजी होती.

तेवढ्यात एक पोरगी किंचाळली.

नाल्यापलीकडं ती उभी होती. उजेड अजून होता, कानातला पिवळा बिल्ला स्पष्ट दिसत होता. नाक वर करून ती वास घेत होती. मग तिनं पाण्यात पाय घातला. एक पाय, दुसरा पाय. नाला ओलांडला की मोठा पाइन अगदी समोर. नको ग बाई, मी मनातल्या मनात म्हणत होते, नको, परत फीर.

‘‘कुणी पळायचं नाही!’’ पाकू ओरडली. ‘‘एकत्र उभे राहा आणि आवाज करा! जमेल तेवढा!’’

आवाज? ह्या पोरांना सांगावं लागतं? यारेलीनं पातेल्यावर डाव हाणायला सुरुवात केली. शीख बहिणींनी ताटं एकमेकींवर आपटली. मलाकाय, ज्याला माझ्यात लपायचं होतं, तो सगळ्यांच्या पुढं जाऊन हात वर करून गर्जायला लागला, ‘‘जा! घरी जा! तुझ्या पाया पडतो, जा!’’ आणि शेजारी, देवाशपथ सांगते, व्हर्नन खुर्चीवर चढून कॉफीच्या डब्यावर चमचा बडवत होता.

ती पाण्याच्या मधोमध थांबली. मागच्या पायांवर उभी राहिली, एकदा सगळ्यांकडं पाहिलं. मग वळली आणि झाडीत शिरली, जराही मागं न बघता.

पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. कुणी हसत होतं, कुणी रडत होतं. पाकू धावत गेली आणि पाइनखालचं पान उचललं. भात तसाच होता. एक शीतही गेलं नव्हतं. पान दोन्ही हातांत धरून ती आजीसमोर आली आणि तशीच उभी राहिली. कचऱ्यात टाकणं आजीला चालणार नव्हतं आणि जमिनीवर ठेवणं तिला चालणार नव्हतं.

‘‘काय झालंय?’’ यारेलीनं विचारलं. पाकूनं थोडक्यात सांगितलं.

‘‘अय्या, आमची नाना, म्हणजे आजी, पण वाढते,’’ यारेली म्हणाली. ‘‘नोव्हेंबरात, मेलेल्या माणसांना. पण घरात, कोनाड्यात. रस्त्यावर नाही ठेवत काही, कुत्री खातात.’’ तिनं माझ्यावर थाप मारली. ‘‘हिच्यात ठेवा की! राखणदाराला भूक लागली तर तो काय कडी बघून परत जाणारे?’’

पाकूनं ते आजीला सांगितलं. आजी माझ्याजवळ आली. माझ्या पाठीवरून हात फिरवला, लाथांनी पोचे पडले होते तिथून, पंज्यांचे ओरखडे होते तिथून.

‘‘ही कोण?’’ तिनं विचारलं.

‘‘पेटी आहे, आजी. अन्न राखते. अस्वलांनाही राखते.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘माझ्या जन्माच्या आधीपासून.’’

‘‘मग विचारायचं ते हिलाच विचारायला हवं होतं,’’ आजी म्हणाली. ‘‘कुणी ओळखच करून दिली नाही.’’

तिनं कडीत हात घातला. पहिल्यांदा जमलं नाही, तर तिनं लाथ मारली नाही, शिवी दिली नाही. पुन्हा प्रयत्न केला. वरची फळी रिकामी केली, त्यावर पान ठेवलं आणि माझ्या दाराशी तोंड आणून म्हणाली, ‘‘आम्ही लांबून आलोय. ही पोरं पहिल्यांदा आलीत, त्यांना रीत माहीत नाही. त्यांना सांभाळ. त्या अस्वलिणीलाही सांभाळ. आधी तू खा.’’

आणि दार लावलं. अगदी हळू.

मी पत्र्याची बाई. मला पोट आहे पण भूक नाही. माझ्यात सगळ्यांनी ठेवलं, पण मला कुणी वाढलं नव्हतं. रडता आलं असतं तर त्या संध्याकाळी मी रडले असते, खोटं कशाला सांगू.

सकाळी हार्लनचा ट्रक आला. पोरं तंबू गुंडाळत होती. पाकू सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘काल अन्न जमिनीवर होतं. ती नाल्यापर्यंत आली होती.’’ एक अक्षर लपवलं नाही पोरीनं. मला तर वाटलं, गप्प बस ग, कशाला सांगतेस!

हार्लनच्या कपाळावर आठ्या पडल्या. ‘‘खाल्लं तिनं?’’

‘‘नाही.’’

‘‘नाही खाल्लं,’’ व्हर्नन खुर्चीतून म्हणाला. ‘‘पोरांनी हाकललं. कान किटले माझे.’’ मग जरा थांबून म्हणाला, ‘‘एवढा दंगा ह्या तळावर बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.’’ ही तक्रार होती की आणखी काही, ते त्याचं त्यालाच माहीत.

हार्लन माझ्याजवळ आला, कडी काढली. वरच्या फळीवर केळीचं पान, त्यावर भात आणि कोंबडी. ‘‘आणि हे काय?’’

‘‘तो पेटीचा वाटा आहे,’’ पाकू म्हणाली. ‘‘आता तो पोरांनी वाटून खायचा. तशी रीत आहे.’’

तो त्या पानाकडं बघत राहिला. माझ्या पाठीवर त्यानं हात टेकला होता, बंदूक घेऊन बसला होता तिथंच. मलाकायनं यारेलीचा दंड धरला होता.

‘‘उघडं ठेवलं की मुंग्या होतात,’’ हार्लन म्हणाला. ‘‘पुढच्या वेळी झाकणाचा डबा आणा.’’

आणि ट्रककडं निघून गेला. पोरांना कळायला क्षणभर वेळ लागला. पाकूला लगेच कळलं. ती माझ्या दाराला टेकून खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

ह्याला आता बरेच उन्हाळे झाले. पोरं पुढच्या वेळी आली, त्याच्या पुढच्या वेळीही आली. गेल्या वर्षी यारेली आपल्या धाकट्या भावंडांना घेऊन आली होती, नानालाही आणलं होतं. आजी आता येत नाही, चढ तिला सोसत नाही. पण जो कुणी येतो तो आधी झाकणाच्या डब्यात घासभर घालून माझ्या वरच्या फळीवर ठेवतो. तामाले असोत, पराठा असो, व्हर्ननच्या बीन्स असोत. चवीतलं मला काही कळत नाही. तरी पण.

माझं मात्र आता होत नाही. डाव्या दाराची बिजागरी गेलीय, तळाला गंजानं भोकं पडलीत. पाकू म्हणते, नवी पेटी येणार आहे, हिला खाली पाठवायचं. पाठवा बाई. थकले मी. पण नवी येईपर्यंत मी आहे, आणि तोवर तुम्ही या. पोराबाळांना घेऊन या, मोठ्यानं गा, नाल्यात डुंबा, हे डोंगर दुसऱ्या कुणाचे नाहीत. मला काही वाढलं नाही तरी चालेल.

फक्त जाताना दार नीट लावा. आज सकाळीच ती नाल्यापलीकडं दिसली. बरोबर दोन पिल्लं होती.